पंख्याचं विमान की मोठं विमान: नेटवर्क प्लॅनिंगमधली माझी सहा वर्षं

आमच्याकडं कुठलंही लग्न असो, बारसं असो, पंगत उठली की कुणीतरी मामा मला गाठतोच. "काय गं, तू विमान कंपनीत आहेस ना, मग आमच्या कोल्हापूरला ती पंख्याचीच विमानं का पाठवता? एखादं मोठं पाठवा की." आम्ही सांगलीकर, आमच्या गावाला विमानतळ नाही, त्यामुळं विमान धरायचं तर कोल्हापूर, नाहीतर बेळगाव, नाहीतर सरळ पुणे. (ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.) सुरुवातीला मी मामांना उत्तर द्यायचे, आता नुसतं हसते आणि बासुंदी घेते, कारण खरं उत्तर द्यायला एक पंगत पुरत नाही. ह्या लाइनमध्ये यायचं म्हणणाऱ्या पोरापोरींचे मेसेज मात्र सारखे येतात, त्यांच्यासाठी एकदाच सगळं लिहून टाकते.

मी शिवाजी युनिव्हर्सिटीतून एमएस्सी स्टॅट केलं. बरोबरचे सगळे बँकेत, इन्शुरन्समध्ये, क्लिनिकल ट्रायलवाल्या कंपन्यांत गेले. मला एका एअरलाइनची जाहिरात दिसली, "अ‍ॅनालिस्ट, नेटवर्क प्लॅनिंग", आणि खोटं कशाला सांगू, मला वाटलं कॉम्प्युटर नेटवर्कचं काम आहे. इंटरव्ह्यूला गेल्यावर कळलं की कुठलं विमान कुठं, किती वाजता आणि आठवड्यातून किती वेळा जाणार हे ठरवणारं खातं असतं त्याला नेटवर्क प्लॅनिंग म्हणतात. ऑफिस गुडगावला. आईनं महिनाभर बोलणं टाकलं होतं.

नवीन पोरांची पहिली गफलत इथंच होते, त्यांना वाटतं विमान निवडणं हा एकच निर्णय असतो. तो तीन वेगवेगळ्या वेळी होतो. एक, विमान विकत घेताना, म्हणजे पाच-दहा वर्षं आधी. इंडिगोनं जून २०२३ मध्ये एअरबसला ५०० विमानांची ऑर्डर दिली ती २०३० ते २०३५ मध्ये यायची आहेत, म्हणजे आज ती ऑर्डर देणाऱ्यातले किती जण तेव्हा त्याच खुर्चीत असतील कोण जाणे. दुसरा निर्णय सीझनचं वेळापत्रक लावताना, चार-सहा महिने आधी, असलेली विमानं असलेल्या रूटवर वाटायची, आमचं रोजचं काम हेच. आणि तिसरा त्या दिवशी, विमान बिघडलं, पाऊस आला, मग ओसीसीमध्ये, म्हणजे विमानांच्या कंट्रोल रूममध्ये, बसलेली माणसं दहा मिनिटात ठरवतात. तुम्ही जॉइन झाल्यावर तुमच्या हातात मधला निर्णय असतो, आणि विमानं आहेत तेवढीच असतात. एका रूटला मोठं विमान दिलं म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी काढून घेतलं, हे डोक्यात पक्कं बसायला मला वर्ष गेलं.

आता आधी सोपं सांगून टाकते, जिथं चॉइसच नसतो. रनवे. एटीआर ७२ ला, म्हणजे मामांच्या पंख्याच्या विमानाला, सव्वा-दीड किलोमीटरच्या आसपासच्या रनवेवर काम भागतं, ए३२० ला, म्हणजे एअरबसच्या नेहमीच्या जेटला, भरलेलं असताना दोन किलोमीटर तरी लागतो, आणि ऊन वाढलं, उंची वाढली की आणखी. कोल्हापूरचा रनवे वर्षानुवर्षं १३७० मीटरचा होता, आता १९३० केलाय. अमरावतीचा १८५० मीटर, तिथं १६ एप्रिल २०२५ ला सुरुवात झाली ती अलायन्स एअरच्या एटीआरनं. मामांना अर्धं उत्तर इथंच मिळतं. लेहला रनवे लांब आहे पण विमानतळच साडेदहा हजार फुटांच्या वर, हवा विरळ, त्यामुळं दुपारी वारा आणि ऊन वाढायच्या आत सकाळीच कामं उरकायची आणि वजन मोजूनमापून न्यायचं. कोझिकोडचा टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा, रनवे, ऑगस्ट २०२० च्या अपघातानंतर तिथं मोठी वाइड-बॉडी विमानं बंद केली. पंखांची रुंदीसुद्धा बघावी लागते, कारण उभं करायची जागा, म्हणजे बे, त्या मापाचा लागतो. ए३२० चे पंख ३६ मीटरच्या आत बसतात, बोइंग ७७७ चे ६० च्या वर आणि ए३८० चे जवळजवळ ८० मीटर. छोट्या विमानतळावर बे दोन, त्यात एकात आधीच कुणीतरी उभं, मग तुमच्या मोठ्या विमानानं काय हवेत घिरट्या घालायच्या का.

पण रनवे हे उत्तर पूर्ण नाही हे चिपीवरून, म्हणजे सिंधुदुर्गच्या विमानतळावरून, कळतं. सिंधुदुर्गचा रनवे २५०० मीटर आहे, ए३२० आरामात उतरेल, तरी ९ ऑक्टोबर २०२१ ला तिथं सुरुवात एटीआरनंच झाली. म्हणजे उतरता येतं आणि परवडतं ह्यात अंतर आहे. खरी गंमत तिथून पुढं.

माझी पहिली मोठी फजिती सांगते. जॉइन होऊन चार महिने झाले होते. मला एका छोट्या स्टेशनचा रूट दिला होता (आमच्यात विमानतळाला स्टेशन म्हणतात, पहिल्या आठवड्यात मी रेल्वेचं समजत होते), रोज एक एटीआर, ७८ सीट. मी फाईल उघडली तर सोमवार, शुक्रवार, रविवार सलग बारा आठवडे फुल, ७८ पैकी ७८. मला वाटलं, अरे हे तर सरळ आहे, लोक उभे आहेत आणि आपण त्यांना घेत नाही. दोन दिवस बसून पीपीटी केली, रंगीत ग्राफ, शेवटच्या स्लाईडवर लिहिलं ए३२० लावा. मॅडमनी (आमच्या टीम लीड, वीस वर्षं ह्याच कामात, चष्मा कायम डोक्यावर) पीपीटी बघितलीच नाही. एक कागद घेतला आणि म्हणाल्या, "सात दिवस लिही. फुल झालेल्या दिवशी खरी मागणी किती होती ते लिही."

मी म्हणलं ७८. त्या म्हणाल्या, "तू स्टॅटची ना? ७९ व्या माणसाला सिस्टिमनं तिकीट दिलंच नाही, तो तुझ्या फाईलमध्ये दिसेल कसा?"

एमएस्सीला सेन्सर्ड डेटाचा, म्हणजे एका मर्यादेपुढं न दिसणाऱ्या आकड्यांचा, अख्खा पेपर दिला होता मी, आणि समोर आल्यावर ओळखला नाही! त्या दिवशी इतकी लाज वाटली की दुपारचा डबा खाल्ला नाही. मग अंदाज काढायला शिकले, की सोमवारचं विमान १८ दिवस आधीच संपतंय आणि बुधवारचं शेवटपर्यंत मिळतंय, बुकिंगचा चढ कसा होता, तो तसाच पुढं गेला असता तर कुठं थांबला असता. खरे आकडे देता येणार नाहीत, समजायला सोपे करून देते. समजा मागणी सोमवारी ११०, मंगळवारी ५५, बुधवारी ५०, गुरुवारी ६०, शुक्रवारी ११५, शनिवारी ४५, रविवारी १०५. बेरीज ५४०, सातानं भागा, सरासरी ७७. सीट ७८. कागदावर वाटेल वा, काय मापात बसलंय. प्रत्यक्षात आठवड्याला ४४४ माणसं उडतात आणि ९६ मागं राहतात, आणि तरीही आठवड्याचा लोड, म्हणजे भरलेल्या सीटांचं प्रमाण, ८१ टक्केच दिसतो, म्हणजे एकाच आठवड्यात माणसं नाकारली पण आणि रिकाम्या सीटा पण उडवल्या. ह्या मागं राहिलेल्यांना स्पिल म्हणतात, सांडलेली माणसं.

आता लावा १८६ सीटचं ए३२०. सगळे ५४० बसले, पण सीट झाल्या १३०२, लोड आला साडेएकेचाळीस टक्के. ९६ माणसांसाठी तुम्ही आठवड्याला साडेसातशे सीट जास्तीच्या उडवल्या. आणि त्या ९६ मधले कितीतरी असेही आपल्याकडंच येतात, शुक्रवारी नाही मिळालं तर गुरुवारी रात्रीचं नाहीतर जवळच्या दुसऱ्या स्टेशनवरून, त्यामुळं खरा तोटा त्याहून कमी. इथंच मॅडमनी मला विचारलं, "तुझ्या घरचे कुठून उडतात?" मी सांगितलं, कोल्हापूर नाही मिळालं तर बेळगाव, नाहीतर व्होल्व्होनं पुणे गाठून. "मग तू सांडलीस का?" नाही सांडले, फक्त दुसऱ्या भांड्यात पडले. कुठल्या विमानतळाला कुठल्या भागातली माणसं येतात ह्याला कॅचमेंट म्हणतात, आणि हे नकाशा बघून कळत नाही, त्या भागातल्या माणसाला कळतं. उत्तर गोव्यातल्या मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ ला सुरू झाला तेव्हा गुडगावातल्या पोरांना तो गोव्याचा दुसरा विमानतळ वाटत होता. बांद्या-सावंतवाडीच्या माणसाला विचारा, त्याला तो घरचाच.

त्या रूटचं शेवटी काय झालं? शनिवारचं विमान काढलं, कारण शनिवारी ४५ च जण होते, आणि ते शुक्रवारी संध्याकाळी दुसरी फेरी म्हणून लावलं. मोठं विमान नाही, तेच विमान दोनदा. जुना शनिवारवाला एक गिऱ्हाईक मेलवर मेल टाकायचा, त्याचं वाईट वाटतं अजून.

ट्रिपचा खर्च आणि सीटचा खर्च ह्या दोन गोष्टी नव्या माणसानं पहिल्या दिवशी वेगळ्या करायला शिकाव्या. मी इंटर्नना वडापचं उदाहरण देते. एसटीचा एका सीटमागचा खर्च वडापच्या जीपपेक्षा कमीच पडेल, पण पन्नासाची गाडी पंधरा माणसं घेऊन निघाली तर डिझेल पन्नासाचंच जळतं. वडापवाला दहा डोकी झाली की निघतो, त्याला फेरीचा खर्च माहीत असतो. एटीआर म्हणजे वडाप. तासाला साडेसहाशे-सातशे किलो इंधन खातं, ए३२० निओ दोन हजारच्या वर. आणि मुंबईहून कोल्हापूरसारख्या तीनशे किलोमीटरच्या सेक्टरला जेट तुम्हाला दहा-पंधरा मिनिटंच लवकर पोचवतं, कारण वर चढेपर्यंतच खाली यायची वेळ होते. नऊशे किलोमीटरला मात्र फरक पाऊण तासावर जातो, मग प्रवासी कुरकुरतो, विमानाच्या दिवसभराच्या फेऱ्या कमी होतात, आणि एटीआरचं गणित तिथं फसायला लागतं.

आपल्या देशात ह्यात सरकारी नियमांनी आणखी वजन टाकलंय, आणि परदेशातली पुस्तकं वाचून आलेल्या पोरांना हे माहीतच नसतं. ८० पेक्षा कमी सीटच्या विमानाला देशांतर्गत शेड्यूल्ड उड्डाणात लँडिंग चार्ज माफ. आता कळलं ना इंडिगोचं एटीआर ७८ सीटचं का आहे? ८२ बसवता येत असत्या तरी कुणी बसवल्या नसत्या. दुसरं, ज्या विमानाचं कमाल वजन ४० टनांच्या खाली, त्याच्या इंधनावरचा विक्रीकर अगदी थोडा, चार-पाच टक्क्यांच्या घरात, आणि एटीआर भरून २३ टनच. मोठ्या विमानाला राज्याचा व्हॅट, मुंबई-पुण्यात तो बरीच वर्षं २५ टक्के होता, २०२३ च्या बजेटमध्ये १८ वर आणला. वर छोटी शहरं विमानानं जोडायची सरकारची उडान योजना, पहिली फ्लाइट २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली, त्यात साधारण निम्म्या सीटा ठरलेल्या भाड्यात द्यायच्या आणि बदल्यात सरकार तूट भरून देणार. ह्या सगळ्याची बेरीज केली की छोट्या गावाला ७८ चं विमान का जातं हे स्वच्छ दिसतं. आमच्या भागातल्याच घोडावतांची स्टार एअर तर त्याहून छोटं घेऊन उतरली, ५० सीटचं एम्ब्रेअर, नंतर ७६ चं. ती जेट आहेत, त्यामुळं लांबच्या पण बारीक रूटला एटीआर जिथं दमतं तिथं ती बसतात.

ह्याच्या बरोबर उलटी बाजू मुंबई. मुंबईला दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरायचा, तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं चढणार-उतरणार, बास. ह्या चढा-उतरायच्या ठरलेल्या वेळेला स्लॉट म्हणतात, आणि मुंबईचा स्लॉट म्हणजे दादरला पार्किंग. तो स्लॉट ७८ चं विमान घेऊन वापरला काय आणि २३२ चं ए३२१ घेऊन वापरला काय, स्लॉट एकच जातो. म्हणून मुंबईला सकाळच्या वेळेत छोटं विमान नेणं जिवावर येतं, आणि म्हणून ए३२१ तिथं आधी जातं. ए३२० आणि ए३२१ ला पायलट तेच चालतात, केबिन क्रू १८६ ला चार लागतात, २३२ ला पाच. म्हणजे एक क्रू, थोडं इंधन, आणि ४६ सीट जास्त! फुकटातच पडल्यासारखं वाटतं. पण त्या ४६ विकायला भाडं उतरवावं लागलं तर उरलेल्या १८६ मधल्यांनाही ते खालचं भाडं दिसतं, हे रेव्हेन्यू मॅनेजमेंटवाले, म्हणजे भाडी ठरवणारे, रोज ओरडून सांगतात आणि आम्ही रोज ऐकल्यासारखं करतो. विमान भरलं आणि पैसे मिळाले ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पाच हजारात २३० बसवण्यापेक्षा सात हजारात १८० बरे. (गुणाकार करून बघा. साडेअकरा लाख आणि बारा लाख साठ हजार.)

नवी मुंबई २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालंय, त्यामुळं मुंबईचं हे गणित पुढच्या काही वर्षांत हलणार. नव्या पोरांनो, तुमची पहिली दोन वर्षं ह्यातच जाणार आहेत बघा, कुठली फ्लाइट इकडं ठेवायची आणि कुठली तिकडं.

स्लॉट कमी आणि माणसं अफाट असली की काय होतं ते जपानमध्ये बघायचं. हानेदा विमानतळावरून देशातल्या देशात ५०० च्या वर सीटची ७४७ उडायची, तिथल्या एएनए कंपनीनं ती मार्च २०१४ मध्ये निवृत्त केली. जपान एअरलाइन्सनं ए३५० घेतलं तर पहिलं कुठं लावलं, हानेदा-फुकुओका, सप्टेंबर २०१९, दोन तासांचा पण प्रवास नाही. मग मुंबई-दिल्लीला असं का करत नाहीत? कारण तिथला सुटाबुटातला प्रवासी अर्ध्या-अर्ध्या तासाला विमान मागतो. मीटिंग पाचला संपली तर सहाचं, लांबली तर सातचं. दोन तासांनी एक ३५० सीटचं विमान ठेवलंत तर तो दुसऱ्या कंपनीकडं जातो, आणि सगळ्यात जास्त भाडं देणारा नेमका तोच. एखाद्या रूटवर ज्याच्या फेऱ्या जास्त त्याला गिऱ्हाईक फेऱ्यांच्या वाट्यापेक्षाही थोडं जास्तच मिळतं, हे ह्या धंद्यातलं जुनं निरीक्षण आहे. फिरायला जाणाऱ्याला मात्र वेळेचं काही नसतं, स्वस्त पाहिजे. म्हणून सुट्टीच्या रूटला मोठं विमान कमी वेळा, धंद्याच्या रूटला मध्यम विमान पुष्कळ वेळा. आणि कधीकधी कारण भलतंच असतं. एअर इंडियानं जानेवारी २०२४ मध्ये नवं ए३५० आधी बेंगळुरू-मुंबईसारख्या देशातल्या सेक्टरवर फिरवलं, ते क्रूचा हात बसावा म्हणून. तुम्ही ते बघून मागणीचा काही निष्कर्ष काढलात तर तोंडावर पडाल.

आता जे मला सगळ्यात उशिरा कळलं ते. आपण बोलताना म्हणतो अमुक रूटला अमुक विमान. आमच्या स्क्रीनवर रूट आडवा नसतोच, आडवी असते विमानाची रेघ. एका विमानाचा, म्हणजे एका टेलचा, अख्खा दिवस एका ओळीत. समजा ए३२० पहाटे पुण्याहून दिल्ली, तिथून नागपूर, नागपूरहून मुंबई, मग गोवा, परत मुंबई, रात्री दिल्ली आणि शेवटी पुण्यात मुक्काम. त्यात सकाळी नऊच्या दिल्ली-नागपूरला समजा १२० च माणसं असतात. बाहेरचा म्हणेल मोठं विमान वाया घालवलं. पण त्या विमानाला दुपारी पावणेएकला मुंबईत असायचंय, तिथला स्लॉट आपल्या हातात आहे, आणि मुंबई-गोवा भरून जातं. मधला नागपूर हा त्याच्या वाटेवर आहे म्हणून त्याला मोठं विमान मिळालं! उलट एखाद्या रूटवर मागणी असून छोटंच जातं, कारण मोठं विमान त्या वेळी त्या बाजूला नसतंच. म्हणून रूट एकटा काढून त्याचा नफा-तोटा मांडू नका, ओळ मांडा. वर हवाई दलाची आणि नौदलाची वेळापत्रकं आहेतच, पुणे हवाई दलाचं, दाबोळी नौदलाचं, तिथं आपल्याला पाहिजे ती वेळ मिळतेच असं नाही, मग ओळच तिरकी होते. शिवाय रात्री विमान कुठं झोपतं ते बघावं लागतं, कारण मोठी दुरुस्ती जिथं इंजिनियर आणि सामान आहे तिथंच होते. एटीआरची एकदोनच विमानं एखाद्या शहरात ठेवली तर त्यांचे पायलट वेगळे, सुटे भाग वेगळे, एक बिघडलं की बदली नाही. छोटा ताफा एकटा ठेवणं फार महागात पडतं.

ट्रेनिंगमध्ये महिनाभर ओसीसीत बसवतात, ती संधी मिळाली तर नाही म्हणू नका, झोप गेली तरी चालेल. माझ्या तिसऱ्या नाइटला एका ए३२१ ला पक्षी धडकला, विमान तपासणीला आत. बदली म्हणून हातात १८६ सीटचं ए३२०, बुकिंग २१९. मी आधी गणितच करत बसले, ३३ माणसांचं काय. शेजारचा ड्यूटी मॅनेजर फोनवर शांतपणे विचारत होता पुढची फ्लाइट किती रिकामी आहे, कोण कनेक्शनवाले आहेत, कोण ग्रुप आहे, म्हातारी माणसं किती. तासाभरात २४ जण पुढच्या दोन फ्लाइटवर गेले आणि काही जण आलेच नाहीत. तरी चारपाच माणसांना दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागलं, आणि काउंटरवरच्या पोरीनं शिव्या खाल्ल्या त्या माझ्यासारख्यांनी केलेल्या कडक वेळापत्रकामुळं. प्लॅनिंगच्या एसी खोलीत हे ऐकू येत नाही.

सणांचं वेगळंच. एअरलाइनचं जग दोन सीझनमध्ये चालतं, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून हिवाळी. आपले सण चंद्रावर. गणपती २०२४ ला ७ सप्टेंबरला आले, २०२५ ला २७ ऑगस्टला. कुणी डोळे झाकून मागच्या वर्षीचा तोच आठवडा उचलला की सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोकणाकडं भरभरून विमानं, तेव्हा चाकरमानी परत कामावर आलेला. दिवाळी तर त्याहून नाटकी, २०२४ ची हिवाळी वेळापत्रकात पडली आणि २०२५ ची, २६ ऑक्टोबरला सीझन बदलायच्या आधीच, उन्हाळीत. आमच्या टीममध्ये एकीकडं डॅशबोर्ड आणि दुसरीकडं भिंतीवर कालनिर्णय, माझ्या आईनं पाठवलेलं, आणि आता दिल्लीचे लोकसुद्धा त्यात बघतात. सणाची मागणी एकतर्फी असते हेही बघा. चतुर्थीच्या आधी मुंबईहून जाताना फुल, येताना रिकामं. छटला दिल्ली-पाटणा तसंच. मोठं विमान लावलंत तर एका बाजूच्या रिकाम्या सीटचा खर्च दुसऱ्या बाजूच्या भाड्यात जातो, आणि लोक म्हणतात सणाला लुटतात.

परदेशी रूटवर आणखी एक गाठ असते, ती मी थोडक्यात सांगते कारण मी त्या डेस्कवर सहाच महिने होते. दोन देशांच्या करारात किती न्यायचं ते ठरलेलं असतं, आणि भारत-दुबईमध्ये ते आठवड्याच्या सीटांत मोजतात, एका बाजूला साधारण ६६ हजार. सीटच मोजल्या जात असल्यानं तिथं मोठं विमान लावलं म्हणजे फेऱ्या कमी कराव्या लागतात, जागा वाढत नाही. जिथं करार फेऱ्यांत असतो तिथं उलटं, प्रत्येक फेरीत जेवढं मोठं नेता येईल तेवढं न्यायचं. आधी करार वाचा, मग विमान बघा.

आता ह्यात यायचं कसं. एव्हिएशन मॅनेजमेंट नावाच्या कोर्सपासून जरा सांभाळून. माझ्या चुलतभावानं पुण्यातल्या एका इन्स्टिट्यूटला लाखांत फी भरली, वर्षभर ग्रूमिंग, टाय कसा बांधायचा आणि फोनेटिक अल्फाबेट शिकवला, प्लेसमेंट म्हणजे एका कंत्राटदाराकडं ट्रॉल्या मोजायचं काम. सगळेच तसे नसतील, पण प्लॅनिंगसाठी ते लागत नाही. आमच्या टीममध्ये दोन इंजिनियर, एक इकॉनॉमिक्सवाली, एक सीए सोडून आलेला आणि मी. गणिताची भीती नको, एक्सेलमध्ये हात चालला पाहिजे, एसक्यूएल हवंच, पायथन असलं तर दुधात साखर. ऑपरेशन्स रिसर्च शिकला असाल तर इथं ते रोज वापरात दिसेल, कारण कुठलं विमान कुठल्या ओळीला हे कोडं आता सॉफ्टवेअर सोडवतं. पण त्याला काय माहीत नाही हे तुम्हाला माहीत पाहिजे.

घरबसल्या तयारी फुकटात होते. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, साइटवर दोन शहरांमधले महिन्याचे प्रवासी मिळतात, विमानतळ प्राधिकरणाच्या साइटवर विमानतळवार आकडे. आपल्या ओळखीचा एक रूट घ्या, नाशिक, नांदेड, जळगाव, काहीही. महिन्याचे प्रवासी, फेऱ्या किती, विमान कुठलं, सरासरी किती भरलं ते काढा. मग फ्लाइट ट्रॅकिंगच्या अ‍ॅपवर तेच विमान दिवसभर कुठंकुठं फिरतं ते आठवडाभर वहीत लिहा. बास, एवढं करून आलेला पोरगा शंभरात एक असतो. स्टेशनचे तीन अक्षरी कोड पाठ असावेत, पीएनक्यू पुणे, केएलएच कोल्हापूर, एसडीडब्ल्यू सिंधुदुर्ग. जीओआय दाबोळी आणि जीओएक्स मोपा ह्यांची अदलाबदल केलीत तर इंटरव्ह्यूत कुणीतरी गालात हसणार.

पहिला पगार आयटीतल्या मित्रापेक्षा कमी असेल, हे घरी आधीच सांगा. स्टाफ तिकिटाचं लोकांना फार अप्रूप वाटतं, पण ते सब-लोड असतं, सीट उरली तर बसा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला मी बॅग घेऊन गेटवर उभी, ७८ पैकी ७८ भरलं, दार बंद. मीच लावलेलं वेळापत्रक! पुढच्या फ्लाइटनं पुणे, तिथून रात्रीची व्होल्व्हो, पहाटे चारला सांगली.

हल्ली इंटर्नचे इंटरव्ह्यू मीच घेते आणि मॅडमचाच प्रश्न विचारते, ७८ चं विमान शुक्रवारी फुल जातंय, काय करशील? बहुतेक जण माझ्यासारखंच म्हणतात, मोठं विमान लावा. मागच्या बॅचला लातूरचा एक पोरगा आला होता, इंग्रजी अडखळत होतं. त्यानं थोडा वेळ टेबलाकडं बघितलं आणि मलाच विचारलं, "मॅडम, शनिवारी ते विमान कुठं असतं?" त्याला घेतला. आता माझ्या शेजारीच बसतो आणि चहाचे पैसे देताना बरोबर गायब होतो.